दोराच्या भरवशावर

१४ जुलै २०२४ रोजी तेलंगणाचे मुख्यमंत्री रेवंत रेड्डी हैदराबादच्या पूर्वेला, अब्दुल्लापूरमेट मंडलातल्या लष्करगुडा या गावी गेले. निमित्त होतं ताडी काढणाऱ्यांना सुरक्षा संच वाटण्याचं. योजनेचं नाव ‘काटमय्या रक्षा कवचम’. काटमय्या हा ताडी काढणाऱ्या गौड समाजाचा देव. झाडावर चढण्याआधी त्याचं नाव घ्यायचं, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. संचात होता दोर, मांड्यांना अडकवायचे पट्टे, हाताची पकड, क्लिपा आणि हे सगळं मावेल अशी पिशवी. पाहणाऱ्याला हे डोंगर चढणाऱ्याचं सामान वाटलं असतं आणि ते खरंही होतं. गिर्यारोहणात मुरलेलं तंत्र इथे ताडाच्या खोडाला लावलं होतं.

तेलंगणातली ताडावर चढायची जुनी पद्धत अशी. ‘मोकू’ नावाचा जाड दोर खोडाभोवतून आणि माणसाच्या कमरेमागून घ्यायचा. दुसरा आखूड फास दोन्ही पायांत. मागे रेलून मोकूवर भार टाकायचा आणि पाय वर ओढायचे. मग पुढे झुकून मोकू हातभर वर झटकायचा, पुन्हा रेलायचं. मुरलेला माणूस अशा रीतीने साठ-सत्तर फुटांचा ताड बघता बघता चढतो आणि हे सकाळ-संध्याकाळ, एकामागून एका झाडावर करतो. यात कसब अफाट आहे. पण मोकू वर झटकताना प्रत्येक वेळी तो सैल पडतो. नेमका तेव्हाच पावसाने ओलं झालेलं खोड पायाखालून निसटलं, तर दोराचा काही उपयोग नसतो. वर कशालाच तो अडकलेला नसतो. नव्या संचाने नेमकी हीच फट बुजवली. पाय सुटला तरी पट्टे आणि क्लिपा माणसाला खोडाशी धरून ठेवतात. माणूस लटकतो, घाबरतो, पण खाली येऊन आपटत नाही.

तेलंगणात दोरावर भरवसा ठेवून चढणाऱ्यांची उणीव नाही. हैदराबादपासून पन्नासेक किलोमीटरवर भोंगीरचा किल्ला आहे, एका अखंड प्रचंड कातळावर उभा. तिथल्या प्रस्तरारोहण शाळेत दोराची अक्षरं गिरवलेली निजामाबाद जिल्ह्यातली मालावत पूर्णा २५ मे २०१४ रोजी एव्हरेस्टवर पोहोचली. तेव्हा तिला चौदावं वर्षही पुरं झालं नव्हतं. म्हणजे कातळावरचं ज्ञान इथे आहे, ताडावरचं कसब इथे आहे आणि सरकारने एकदा या दोन्हींची गाठही घालून दिली आहे.

शहरातल्या झाडांवर चढणारा माणूस मात्र या सगळ्यातून सुटून गेला.

एप्रिल-मे महिन्यांत, वळवाच्या पावसाआधी, हैदराबादच्या कुठल्याही कॉलनीत तो दिसतो. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पायात चप्पल किंवा तीही नाही, कमरेला कोयता, खांद्यावर पिवळ्या किंवा हिरव्या प्लास्टिकच्या दोराचं वेटोळं. तो कडुलिंबावर चढतो, फांदीच्या बेचक्यात एक पाय रोवतो, दुसरा हवेत सोडतो आणि घाव घालायला लागतो. दोर त्याच्याकडे असतोच. पण तो तोडायच्या फांदीला बांधलेला असतो, त्याला स्वतःला नाही. फांदी कुणाच्या गाडीवर, पत्र्यावर, विजेच्या तारेवर पडू नये याची काळजी घेतलेली असते. तो स्वतः पडू नये याची तजवीज मात्र कुणीच केलेली नसते. मालकाने नाही, ठेकेदाराने नाही आणि सवयीमुळे त्याने स्वतःही नाही.

हैदराबादमध्ये हे काम कमी होण्याची चिन्हं नाहीत. हे शहर सुमारे अडीच अब्ज वर्षांच्या ग्रॅनाइटवर बसलेलं आहे. बंजारा हिल्स, ज्युबिली हिल्ससारख्या भागांत माती कित्येक ठिकाणी हातभरच, खाली सरळ कातळ. तिथलं झाड मुळं खोल सोडू शकत नाही, ती आडवी पसरतात. मग फुटपाथ करताना, केबल टाकताना, नाला खणताना हीच आडवी मुळं तुटतात. वरून गुलमोहर आणि पीतमोहरासारखी झाडं, जी लवकर वाढतात, भरघोस फुलतात आणि ज्यांचं लाकूड ठिसूळ असतं. अशा झाडावर वळवाचं वारं आलं की फांदी मोडते किंवा अख्खं झाडच कलंडतं. रस्त्यावर पडलेलं झाड उचलायला पॉवर करवती घेऊन जी पथकं धावतात, ती आपत्ती प्रतिसाद दलाची. महापालिकेने उभारलेलं हे दल २०२४पासून ‘हायड्रा’ या नव्या यंत्रणेखाली काम करतं. ती पथकं मोलाची आहेत, पण ती येतात झाड पडल्यावर.

याच शहराला फेब्रुवारी २०२१मध्ये ‘ट्री सिटी ऑफ द वर्ल्ड’ हा मान मिळाला. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना आणि अमेरिकेतलं आर्बर डे फाउंडेशन यांनी दिलेला. त्यामागे २०१५ साली सुरू झालेल्या ‘हरितहारम’ मोहिमेतली लागवड होती. लागवड झाली हे चांगलंच झालं. पण लावलेलं रोप वीस वर्षांनी चाळीस फुटांचं होतं, आणि मग त्याच्यावर चढून वाळकी फांदी नीट कापणारा माणूस लागतो. त्या माणसाच्या हातात काय असावं, याची चर्चा लागवडीच्या समारंभात होत नाही. ती इथे करू.

पहिली वस्तू दोर. शेतकऱ्याच्या घरात दोराची जात ओळखायला कुणी शिकवावं लागत नसे: काथ्याचं सुंभ वेगळं, अंबाडीचा कासरा वेगळा, मोटेचा नाडा वेगळा. पेड किती, पीळ किती, यावरून तो कशाला चालेल हे ठरायचं. झाडावरच्या कामातही तीच गोष्ट आहे, फक्त धागे बदलले. नैसर्गिक धाग्याचा दोर ओलाव्याने आतून कुजतो आणि वरून धडधाकट दिसतो, हा त्याचा मोठा दोष. नायलॉन आणि पॉलिएस्टर आल्यावर तो गेला. १९५३ साली जर्मनीतल्या एडेलरिड कंपनीने आत भार पेलणाऱ्या धाग्यांचा गाभा आणि बाहेर विणलेलं कवच असा दोर आणला; आज कातळावरचा बहुतेक प्रत्येक दोर त्याच कुळातला आहे. वरचं कवच झिजतं, खरडतं, मळतं. आतला गाभा सुरक्षित राहतो.

कातळावरचा आणि झाडावरचा दोर मात्र एक नव्हे. कातळ चढणारा माणूस खरोखर पडू शकतो, म्हणून त्याचा दोर ताणला जाऊन धक्का पिणारा असतो. झाडावरचा माणूस दोरावर बसून काम करतो. तो सतत लटकलेला असतो आणि दोर ताणून वरखाली व्हायला लागला तर करवत चालवणंच अशक्य. त्याला कमी ताणणारा दोर लागतो. युरोपीय मानकानुसार अशा दोराची तुटण्याची मर्यादा किमान २२ किलोन्यूटन, म्हणजे सव्वादोन टनांच्या आसपास हवी. अमेरिकी मानक ती २४ किलोन्यूटनपर्यंत नेतं. ऐंशी किलोच्या माणसाला सव्वादोन टनांचा दोर कशाला, असं वाटेल. पण दोराला कुठलीही गाठ मारली की त्या जागी त्याची ताकद पाव हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत घटते, उन्हाने घटते, खरखरीत सालीवर घासून घटते. एवढं सगळं वजा जाऊनही भरपूर उरलं पाहिजे.

आता तो पिवळा-हिरवा दोर. तो बहुधा पॉलिप्रॉपिलीनचा असतो. राणीगंजच्या बाजारापासून गल्लीतल्या हार्डवेअरच्या दुकानापर्यंत सगळीकडे मिळतो, स्वस्त आणि हलका असतो, पाण्यावर तरंगतो. ताडपत्री बांधायला उत्तम. पण उन्हातले अतिनील किरण त्याला खातात, आणि हैदराबादच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. काही महिने गच्चीवर पडलेला असा दोर हातात घेतला तर त्याचे बारीक तंतू चुरचुरून बोटांना टोचतात. तो मेल्याचं ते लक्षण. शिवाय तो १६५ अंशांच्या आसपास वितळतो. जड फांदी वेगाने खाली सोडताना दोर सालीवर घासून तापतो, आणि पॉलिएस्टर जिथे अडीचशे अंशांपर्यंत तग धरतं, तिथे हा दोर आधीच मऊ पडून चकाकायला लागतो. अशा दोराला माणूस बांधणं म्हणजे न बांधण्यापेक्षाही वाईट, कारण बांधलेला माणूस निर्धास्त असतो.

चांगला दोर घेतला, तरी तो वर जायचा कसा? इथे एक साधी आणि सुंदर युक्ती आहे. अडीचशे ते चारशे ग्रॅम वजनाची, छर्‍यांनी भरलेली कापडी पिशवी घ्यायची, तिला दोनेक मिलिमीटर जाडीची गुळगुळीत दोरी बांधायची, आणि जमिनीवर उभं राहून ती हव्या त्या बेचक्यातून पलीकडे फेकायची. सरावलेला हात पन्नास-साठ फुटांवरचं बेचकं गाठतो. मग त्या बारीक दोरीला खरा दोर बांधून तो ओढून घ्यायचा. माणूस चढण्याआधी दोन जणांनी त्या दोराला लोंबकळून फांदी भार पेलते का ते पाहायचं. फांदी मोडायचीच असेल तर ती तेव्हा मोडो.

वर जाताना माणसाला धरून ठेवते ती एक गाठ. मुख्य दोराभोवती बारीक दोरीचे वेढे देऊन मारलेली ही गाठ भार नसताना हाताने सरकते आणि भार पडला की आवळून जागीच थांबते. ऑस्ट्रियाचे गिर्यारोहक कार्ल प्रुसिक यांनी १९३१ साली ती गिर्यारोहकांसाठी मांडली, म्हणून तिला प्रुसिक म्हणतात. झाडावर काम करणाऱ्यांनी तिच्या बहिणी शोधून काढल्या. त्यांतली ब्लेक गाठ १९९०च्या दशकात अमेरिकेत पसरली आणि आज कुठल्याही वृक्षारोहकाला झोपेतही मारता यायला हवी अशी समजली जाते. निरगाठ आणि सुरगाठ माहीत असलेल्या माणसाला ती शिकायला एक दुपार पुरते. विश्वास बसायला थोडा वेळ लागतो.

हा दोर सरळ फांदीवरून घेतला तर तो वरखाली होताना साल खरवडतो. सालीच्या लगेच आत झाडाचा वाढीचा थर असतो, कागदासारखा पातळ. खोडाची आणि फांद्यांची जाडी तिथूनच वाढते. म्हणून फांदीवर आधी दोन कड्या असलेला रुंद पट्टा टाकतात आणि दोर त्या कड्यांतून जातो. झाड वाचतं आणि दोरही. याच कारणासाठी बुटाला लावायचे पोलादी काटे जिवंत झाडावर चालत नाहीत. पूर्ण तोडायच्या झाडावर ते वापरावेत. छाटणीच्या झाडावर प्रत्येक पाऊल म्हणजे एक भोक, आणि प्रत्येक भोक बुरशीला दार. छाटणीला आलेला माणूस काटे बांधून चढायला लागला, तर त्याला तिथेच थांबवायला हवं.

वर पोहोचल्यावर, करवत हातात घेण्याआधी, दुसरा आधार. कमरेच्या पट्ट्यापासून फांदीभोवती घेऊन परत पट्ट्याला अडकवलेला आखूड दोर, ज्याच्या गाभ्यात पोलादी तार असते. करवत चुकून मुख्य दोराला लागली तरी माणूस दुसऱ्यावर टिकावा, म्हणून. या कामातल्या जगभरच्या प्रशिक्षणात हा नियम पहिल्या दिवसापासून घोकून घेतात: कापताना दोन आधार, नेहमी.

करवतीचं म्हणाल तर हाताची वक्र, धारदार करवत बहुतेक छाटणीला पुरते. साखळीकरवत हे वेगळंच प्रकरण आहे. तिच्या साखळीचा वेग सेकंदाला वीस मीटरपर्यंत जातो. तिच्यासाठी जी विजार मिळते, तिच्या आत लांब, मोकळ्या धाग्यांचे थर असतात. साखळी कापडात घुसली की ते धागे ओढले जातात, चाकाभोवती गुंडाळतात आणि यंत्र क्षणार्धात गच्च अडकून बंद पडतं. मांडीवर ओरखडा येतो, मांडी वाचते. हैदराबादमध्ये साखळीकरवत ऑनलाइन मागवली तर दोन दिवसांत घरी येते. विजार सोबत येत नाही, आणि ती मागवावी असं कुणी सुचवतही नाही.

आता सगळ्यांत कठीण भाग: फांदी खाली आणणं. लोकांना धोका कोयत्याचा वाटतो. खरा धोका वजनाचा. ओलं लाकूड घनमीटरला साधारण एक टन धरायचं. तीस सेंटिमीटर जाडीचा, तीन मीटर लांबीचा ओंडका म्हणजे दोनशे किलो. खालून पाहताना तो तेवढा वाटत नाही. तो दोराला बांधून, वर खोडाला अडकवलेल्या कप्पीवरून खाली सोडायचा ठरवला, तर दोराच्या एका बाजूला दोनशे किलो आणि दुसऱ्या बाजूला त्याला धरून ठेवणारी जवळजवळ तेवढीच ओढ. कप्पीवर आणि ती जिथे बांधली त्या खोडावर सुमारे चारशे किलोचा भार येतो. हे झालं स्थिर असताना. तोच ओंडका कापल्यावर एक मीटर मोकळा कोसळला आणि दोराने त्याला पुढच्या अर्ध्या मीटरात थांबवलं, तर दोरावरचा सरासरी ताणच सहाशे किलो, आणि खोडावर त्याच्या दुप्पट. क्षणिक धक्का याहूनही मोठा. ज्या खोडावर हे सगळं टांगलेलं आहे, त्याच खोडाला माणूसही बांधलेला असतो. म्हणून जड सामान उतरवणारा दोर त्याच्या तुटण्याच्या मर्यादेच्या दहाव्या हिश्श्याएवढाच भार देऊन वापरतात, आणि तो माणसाच्या दोरापासून वेगळा ठेवतात. एकदा ओंडके उतरवलेला दोर पुन्हा माणसासाठी वापरत नाहीत.

खाली उभ्या माणसाने दोनशे किलो हाताने धरायचे कसे? अडेल बैलाचा कासरा शेतकरी हातात धरून बसत नाही, खुंट्याला दोन वेढे देतो आणि मग एका हाताने बैल आवरतो. इथेही तेच. झाडाच्या बुंध्याला पोलादी नळीचा ब्रेक बांधतात आणि दोर त्याच्याभोवती गुंडाळतात. घर्षणाचा हिशोब चकित करणारा आहे. दोर आणि पृष्ठभाग यांच्यातलं घर्षण मध्यम धरलं, तर एका पूर्ण वेढ्याने ओढ सुमारे पाचपट हलकी होते, दोन वेढ्यांनी तेवीसपट, तिसऱ्याने शंभरपटीच्या पुढे. तीन वेढे असतील तर दोनशे किलोचा ओंडका दोन बोटांच्या ओढीवर थांबतो. वेढे जास्त झाले तर दोर सरकतच नाही आणि सगळा धक्का खोडाला बसतो. कमी झाले तर खालचा माणूस दोराबरोबर वर उचलला जातो. किती वेढे द्यायचे आणि दोर कधी सैल सोडायचा, हे ज्याला उमगलं तो खालचा माणूस या कामातला अर्धा कारागीर. आपल्याकडे मात्र खाली ज्याला उभं करतात, तो बहुधा त्या दिवशी नाक्यावरून आणलेला नवखा असतो.

फांदी कुठे कापायची, हेही दोराशी जोडलेलं आहे. अमेरिकेच्या वनखात्यात काम केलेले अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडं उभी चिरून आतली कूज कशी पसरते ते पाहिलं. १९७०च्या दशकात त्यांनी दाखवून दिलं की झाडाची जखम माणसाच्या जखमेसारखी भरत नाही. झाड कुजलेल्या भागाभोवती आतून भिंती घालतं आणि त्यावर नवं लाकूड चढवतं. फांदी खोडाला मिळते तिथे जो फुगीर, सुरकुतलेला काठ असतो, तिथेच या भिंतींची तयारी असते. कापायचं ते त्या काठाच्या लगेच बाहेर. काठ तासून खोडाशी सपाट करायचा नाही आणि हातभर खुंटही सोडायचा नाही. जखमेवर रंग किंवा डांबर फासल्याने कूज थांबत नाही, हेही त्यांनीच दाखवलं. आता झाडावर एका हाताने फांदी धरून, एका पायावर तोल सांभाळत कोयता चालवणाऱ्याला हा काठ नेमका गाठता येईल का? त्याचा हात पोहोचेल तिथे घाव बसतो, साल खालपर्यंत सोलत जाते, हातभर खुंट उरतो. पट्ट्यात स्थिर बसलेल्या माणसाला फांदीच्या टोकापर्यंत जाता येतं, आधी खालून अर्धवट चीर देऊन मग वरून कापता येतं आणि शेवटचा छेद काठाशी नीट घेता येतो. शहरातल्या झाडांवर दिसणारे ते विद्रूप ठोंब अडाणीपणातून येतात, असं सरसकट म्हणणं अन्याय आहे. बरेचसे ठोंब हे सामान नसल्याचा पुरावा आहेत.

जुन्या झाडांच्या बाबतीत तर हे सामानच उपचार ठरतं. हैदराबादपासून शंभरेक किलोमीटरवर महबूबनगरला पिल्ललमर्री हा सुमारे सातशे वर्षांचा वड आहे. वाळवीने पोखरून त्याची फांदी कोसळली तेव्हा तो लोकांसाठी बंद करावा लागला आणि २०१८ साली त्याच्यावर उपचार सुरू झाले. आधी खोडाला भोकं पाडून कीटकनाशक ओतलं, ते बाहेर वाहून गेलं. मग सलाइनच्या बाटल्या फांद्यांवर टांगून, थेंब थेंब औषध आत सोडलं. त्या बाटल्यांचे फोटो देशभर गाजले. पण जड फांद्यांना खालून दिलेले आधार आणि पारंब्या जमिनीत नीट उतराव्यात म्हणून केलेली व्यवस्था, हे काम तितकंच महत्त्वाचं होतं. मोईनाबाद-चेवेल्ला रस्त्याच्या दुतर्फा नऊशेच्या आसपास वड आहेत. रस्ता रुंद करायचा की वड राखायचे, हा वाद राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला. जे वड राहतील त्यांच्या वाहत्या रस्त्यावर ओणवलेल्या फांद्या कुणीतरी वर जाऊन हलक्या करायला हव्यात. जे हलवले जातील, त्यांना क्रेनने उचलताना पोलादी तार लावली तर साल चिरडून झाड नव्या जागी जाऊनही मरतं. तिथे रुंद पट्ट्याच हव्यात, आणि मुळांचा गड्डा गोणपाटाने गच्च बांधलेला हवा.

उस्मानिया रुग्णालयाच्या आवारातली चिंच हैदराबादकरांना सांगायची गरज नाही. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला पूर आला, हजारो माणसं वाहून गेली, आणि या एका झाडाला बिलगून सुमारे दीडशे जण वाचले. इतक्या माणसांचा भार पुराच्या धारेत पेललेल्या झाडाची एखादी वाळकी फांदी काढायची वेळ आली, तर ती दोर, कप्पी आणि मुरलेला माणूस यांच्याशिवाय काढणं हा त्या झाडाचा अपमान ठरेल.

हे सगळं खर्चाचं आहे, हा आक्षेप खरा आहे. चांगला दोर, पट्टा, हेल्मेट, क्लिपा आणि कप्पी मिळून एका माणसाचा खर्च काही महिन्यांच्या मजुरीएवढा होतो. एकटा मजूर तो करू शकत नाही. त्यात अनेक ठिकाणी फांद्या तोडणाऱ्याला पैसे कमी आणि लाकूड जास्त अशी रीत आहे. लाकूड हाच मोबदला असेल तर गरजेपेक्षा जास्त आणि जाड फांद्या तुटणार, हे उघड आहे. म्हणून हे नियमानेच सुटेल. नियम कसे बदलतात याचं एक उदाहरण अमेरिकेतलं. १९६०च्या दशकात न्यूयॉर्कमधल्या एका आईचा मुलगा झाड छाटताना गेला. तिने पाठपुरावा सोडला नाही. त्यातून समिती बसली आणि १९७२ साली झाडावरच्या कामाच्या सुरक्षिततेचं पहिलं राष्ट्रीय मानक निघालं. झेड १३३ या नावाचं ते मानक आजही सुधारत जातं. आपल्याकडे केरळात नारळ उतरवायला माणसं मिळेनाशी झाली, तेव्हा नारळ विकास मंडळाने २०११ साली तरुणांना चढण्याचं यंत्र आणि प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली. त्यात मुलीही शिकल्या. लष्करगुड्यात ताडासाठी जे झालं, ते कडुलिंबासाठी आणि गुलमोहरासाठी व्हायला कसलीच तांत्रिक अडचण नाही. उंचीवर वापरायच्या पट्ट्यांसाठी आयएस ३५२१ हे भारतीय मानक आहे. भोंगीरला शिकवणारे आहेत. महापालिका, वीज कंपनी आणि आपत्ती दल यांनी छाटणीच्या निविदेत दोन ओळी घालायच्या आहेत: पट्टा आणि दोराशिवाय कुणी वर जाणार नाही, आणि खालच्या माणसालाही हेल्मेट असेल.

तोवर जबाबदारी आपली. पावसाळ्यापूर्वी तुमच्या सोसायटीत छाटणीवाला येईल. फांद्या काढायला परवानगी लागते का ते वनखात्याकडे किंवा महापालिकेकडे विचारून घ्या. तेलंगणात त्यासाठी २००२चा ‘वाल्टा’ कायदा आहे, महाराष्ट्रातल्या शहरांसाठी १९७५चा वृक्ष संरक्षण कायदा. फांदीजवळून विजेची तार जात असेल तर वीज कंपनीला कळवून प्रवाह बंद केल्याशिवाय कुणालाही वर चढू देऊ नका. ठेकेदाराला त्याचा दोर दाखवायला सांगा, आणि तो माणसाला बांधणार की फक्त फांदीला, ते विचारा. मोबदला पैशांत ठरवा, लाकडात नाही. पट्टा नसेल तर सोसायटीने वर्गणी काढून एक संच विकत घ्यावा. तो जपून वापरला तर काही वर्षं टिकतो, आणि शेजारच्या सोसायटीलाही देता येतो. तेवढंही जमत नसेल, तर सामान असलेला माणूस मिळेपर्यंत फांदीखालची गाडी हलवा, रस्ता दोरी लावून अडवा, आणि फांदी आणखी आठ दिवस तशीच राहू द्या.